पिनांचा आकार, भिंतीतला दाब

गोव्यातल्या घरात परदेशाची बॅग भरायला घेतली की सोलं, सुकी सुंगटं आणि शागुतीचा मसाला यांचं वजन ग्रॅमवारी होतं. चार्जर, ट्रिमर, इस्त्री हे सगळं उरलेल्या फटींत कोंबलं जातं. आदल्या संध्याकाळी कुणाला तरी आठवतं की तिकडचा प्लग वेगळा. मग पणजीच्या अठरा जून रस्त्यावरून नाहीतर म्हापशाच्या बाजारातून एक चौकोनी ठोकळा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, येतो. खोक्यावर जगाचा नकाशा छापलेला असतो. घरातल्या सगळ्यांचा समज होतो की विजेचं काम झालं.

काम झालेलं असतं एक तृतीयांश. परक्या भिंतीतल्या विजेला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: भोकांचा आकार कोणता, दाब (व्होल्टेज) किती, आणि अर्थिंग आहे की नाही. पहिली डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिच्याच मागे असतात. दुसरी चुकली तर यंत्र जळतं. तिसरी चुकली तर सहसा काहीच होत नाही, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी यंत्राला न होता माणसाला होतं.

तो ठोकळा उघडून पाहिला तर आत पितळेच्या वाकवलेल्या पट्ट्या, एखादी स्प्रिंग आणि बऱ्या मालात एक फ्यूज. बस्स. भारतीय पिना एका बाजूने आत जातात, त्या देशाच्या पिना दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. भिंतीत १२० व्होल्ट असतील तर पलीकडे १२०च मिळणार. यूएसबीची भोकं असलेल्या ठोकळ्यात एक छोटा चार्जर बसवलेला असतो, पण तो फक्त त्या यूएसबीपुरता. शेजारच्या पिनांच्या भोकातून येणारी वीज भिंतीतून आली तशीच असते.

म्हणून ठोकळा घेण्याआधी उपकरणाची पाठ वाचायची. अक्षरं राखाडीवर राखाडी, मुंगीएवढी. चश्म्यानेही दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठा करावा, हा साधा उपाय. लॅपटॉपच्या विटेवर, म्हणजे चार्जरच्या जाड डब्यावर, दोन ओळी असतात. ‘आउटपुट’च्या पुढे १९ किंवा २० व्होल्ट लिहिलेले असतात आणि लोक नेमकी तीच ओळ वाचून गोंधळतात. ती चार्जरने लॅपटॉपला काय द्यायचं त्याची आहे. प्रवासाशी तिचा संबंध नाही. आपल्या कामाची ओळ ‘इनपुट’ची. तिथे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्याचा आकडा) असं असेल तर ती वीट टोकियोपासून टोरंटोपर्यंत कुठेही चालेल. असे चार्जर आलेली वीज आधी एकदिशा करतात, मग तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून हवा तेवढाच दाब बाहेर देतात. भिंतीत दाब कमी असला तर तेवढ्याच कामासाठी जास्त ॲम्पियर, म्हणजे जास्त करंट, ओढतात. ६५ वॉटचा चार्जर आपल्याकडे पाव ॲम्पियरच्या थोडा वर घेत असेल, तर अमेरिकेत अर्ध्याच्या वर घेईल. आज घरात असलेले मोबाइलचे, लॅपटॉपचे, कॅमेऱ्याचे जवळपास सगळे चार्जर या जातीचे आहेत.

पण पाठीवर नुसतं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तर ते उपकरण २३०चंच. इस्त्री, किटली, हेअर ड्रायर, मिक्सर बहुधा याच वर्गातले. आईवडील मुलांकडे जाताना नेतात तो कॉम्प्रेसरचा नेब्युलायझरही पुष्कळदा एकाच व्होल्टेजचा असतो. त्याची पाठ तर सगळ्यांत आधी वाचा, कारण तो न चालल्याचं कळतं ते नेमकं रात्री, दम लागल्यावर.

आता कुठे काय. गोव्याची माणसं जिथे जास्त जातात तिथून सुरुवात केली तर दाबाची चिंता फारशी नाही. मस्कत, दुबई, दोहा, कुवेत, बहारीन: २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, चौकोनी तीन पिना. सौदीत २३० व्होल्ट पण ६० हर्ट्झ, आणि पूर्वी तिथे १२७ व्होल्टही होते, तेव्हा जुन्या इमारतीत भिंतीवर काय लिहिलंय ते बघावं. ब्रिटनमधलं स्विंडन, साउथॉल, लंडन: २३०, चौकोनी पिना. लिस्बन आणि युरोपचा बहुतेक मुख्य भूभाग: २३०, दोन गोल पिना, गोल खड्ड्यातलं सॉकेट. सिंगापूर, मलेशिया इंग्रजी वळणाचे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दाब आपलाच, पिना तिरक्या चपट्या. दाब बदलतो तो अमेरिका आणि कॅनडात, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आणि जपानात, १०० व्होल्ट. जपान हा एक मासलेवाईक देश: टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका शहराने जर्मन जनित्रं आणली नि दुसऱ्याने अमेरिकन. ती रेघ आजही देशाच्या मधोमध आहे. ब्राझीलमध्ये तर गावागणिक १२७ किंवा २२०. तिथे हॉटेलात विचारूनच प्लग लावावा.

पिनांच्या प्रकारांना जगभर इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत: आपली तीन गोल पिनांची ‘डी’, तिचीच जाडी बहीण, एसी-गिझरची, ‘एम’, युरोपची बारीक दोन पिनांची ‘सी’, खड्डेवाली ‘एफ’, इंग्रजांची चौकोनी ‘जी’, अमेरिकेची ‘ए’ आणि ‘बी’. यातून एक हल्लीचा घोटाळा झालाय. दुकानात ‘टाइप सी द्या’ म्हटलं की मुलगा मोबाइलची केबल काढून ठेवतो. भिंतीची हवी असेल तर ‘युरोपची टू-पिन’ म्हणा.

आपली ‘डी’ म्हणजे ब्रिटिशांचीच जुनी गोल पिन. त्यांनी स्वतः १९४७ साली चौकोनी पिनेचं मानक काढलं आणि हळूहळू घराघरांतून गोल पिना हद्दपार केल्या. भारताने जुनीच ठेवली. म्हणून आज लंडनला उतरणाऱ्या माणसाला लंडनचाच जुना प्लग घेऊन उभं राहावं लागतं.

पिना बसतात की नाही हे नकाशा बघून कळत नाही, मिलिमीटरांत कळतं. युरोपच्या बारीक टू-पिनची पिन ४ मिलिमीटर जाड. खड्डेवाल्या सॉकेटसाठीची ४.८. आपल्या थ्री-पिनच्या फेज-न्यूट्रलची (वीज आणणाऱ्या नि परत नेणाऱ्या दोन पिनांची) ५.१ च्या आसपास. दोन पिनांमधलं अंतर तिन्हींत जवळजवळ सारखं, १९ मिलिमीटर. इथेच फसायला होतं. अंतर जुळतं म्हणून माणूस जोर लावतो, आणि ५.१ ची पिन ४.८ साठी केलेल्या भोकात जाऊनही बसते. आतल्या स्प्रिंगची पट्टी मात्र फाकते. आपला प्लग काढून नेल्यावर त्या भोकात घरमालकाचा प्लग ढिला बसायला लागतो. इटली आणि स्वित्झर्लंडमधल्या ४ मिलिमीटरच्या भोकांत तर जाड पिन शिरतच नाही. मोबाइल चार्जरची टू-पिन बारीक असेल तर ती युरोपच्या मुख्य भूभागावर बिनअ‍ॅडॅप्टरची चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लिस्बनला फक्त मोबाइल आणि ट्रिमर घेऊन जाणाऱ्याने चारशे-पाचशे रुपये कशाला घालवायचे?

युरोपच्या सॉकेटची दुसरी अडचण म्हणजे तो खड्डा. सॉकेट भिंतीत जवळपास पावणेदोन सेंटिमीटर आत गेलेलं असतं. ‘सर्व देश एकात’वाला ठोकळा चौकोनी, त्याचे कोपरे खड्ड्याच्या कडेला अडतात आणि पिना अर्ध्याच आत जातात. वर त्याला लटकलेली लॅपटॉपची वीट. थोड्या वेळाने ठोकळा पुढे झुकतो, आत ठिणग्या पडतात, प्लास्टिकचा वास येतो. मला स्वतःला हे सर्वदेशी ठोकळे आवडत नाहीत. ज्या देशात जायचंय त्या देशाचा, गोल बुडाचा, साधा एकच अ‍ॅडॅप्टर घ्यावा. तो हलका असतो, घट्ट बसतो आणि त्यात सरकणारे भाग नसतात, म्हणून मोडायलाही काही नसतं.

ठोकळ्यावर आणखी एक आकडा असतो, तो कुणी वाचत नाही: ६ ॲम्पियर. आपल्याकडे ६ ॲम्पियर म्हणजे १,३८० वॉट, पण १२० व्होल्टवर तेच ६ ॲम्पियर ७२० वॉटच देतात. मर्यादा ॲम्पियरची आहे, वॉटची नाही. म्हणून अमेरिकेत तोच ठोकळा अर्ध्या लायकीचा होतो. युरोपच्या बारीक टू-पिनला तर अडीच ॲम्पियर एवढीच परवानगी, म्हणजे २३० वर ५७५ वॉट. त्यावर किटली लावणं हा निव्वळ आगाऊपणा.

इंग्रजी चौकोनी सॉकेटचं वेगळंच. त्याच्या खालच्या दोन भोकांवर आत पडदे असतात. वरची लांब अर्थिंगची पिन आत गेली की पडदे उघडतात. आखातातल्या खोल्यांतून एक जुनी युक्ती चालत आलीय: वरच्या भोकात बॉलपेन खुपसायचं, पडदे उघडायचे आणि खाली आपली टू-पिन दाबायची. चालते, म्हणूनच धोक्याची. ब्रिटनमधल्या घरांत सॉकेटांची तार अंगठीसारखी फिरवून तिला ३२ ॲम्पियरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दिलेला असतो. चार्जरच्या बारीक वायरीत शॉर्ट झालं तर तो एमसीबी तिचं रक्षण करण्यासाठी बसवलेलाच नाही. त्यासाठी प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतंत्र फ्यूज आहे, लाल ३ ॲम्पियरचा किंवा तपकिरी १३ चा. बॉलपेनच्या युक्तीत आपण नेमका तो फ्यूजच वगळतो. साधारण ७०० वॉटपर्यंतच्या उपकरणाला ३ चा फ्यूज पुरतो. अ‍ॅडॅप्टर विकत घेतानाही आत फ्यूज आहे का, हे विचारावं.

तिथल्या बाथरूममध्ये आरशाजवळ दोन पिनांचं एक सॉकेट दिसतं. ते दाढीच्या यंत्रापुरतं, आत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेलं. ट्रिमर किंवा टूथब्रश ठीक. हेअर ड्रायर लावला तर ते बंद पडेल.

मिक्सरच्या विषयावर मात्र थांबायला हवं, कारण अमेरिकेला निघालेल्या आपल्या घरांत खरं भांडण त्याच्यावरून होतं. नारळाचं वाटण तिकडच्या ब्लेंडरमध्ये नीट होत नाही, हे खरंच. त्याचं भांडं उंच, पातं स्मूदीसाठीचं. खोबरं कडेला चिकटून बसतं आणि गंधासारखं वाटलं जात नाही. म्हणून इथला ७५० वॉटचा मिक्सर बॅगेत जातो. आता दाब निम्मा झाल्यावर काय होतं? तापणाऱ्या उपकरणांचा हिशोब सरळ आहे: ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ०.२७. हजार वॉटची इस्त्री २७० वॉटची होते आणि कॉटनच्या शर्टाची सुरकुतीही हलत नाही. १,५०० वॉटच्या किटलीत एक लिटर पाणी इथे सव्वातीन मिनिटांत उकळतं. तिथे तिलाच बारा मिनिटं लागतील, जास्तच. मिक्सरची मोटर फिरते, पण रिकाम्या भांड्यातच. खोबरं, मिरच्या, धणे घातले की पातं घरघरून अडतं. तसंच धरून ठेवलं तर वेग नाही, म्हणून आतला पंखाही नाही, आणि गुंडाळी तापते.

ट्रान्सफॉर्मर लावता येतो. १२० चे २४० करणारा, आणि क्षमता मिक्सरच्या दुप्पट, म्हणजे ७५० वॉटला १,५०० तरी, कारण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. असा ट्रान्सफॉर्मर काही किलोंचा लोखंडी गोळा असतो आणि ओट्यावर गुणगुणत बसतो. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे भारतातच ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचे मिक्सर परदेशी जाणाऱ्यांसाठी विकले जातात. भांडी तीच, पाती तीच, प्लग अमेरिकन. घेताना तळाची पट्टी उलटून वाचा, खोक्यावर विसंबू नका. आणि तो मिक्सर सुट्टीत गोव्याला आणून इथल्या बोर्डात कधीही लावू नका. निम्मा दाब मिळालेलं यंत्र रडत का होईना, जगतं. दुप्पट मिळालेलं काही सेकंदांत धूर देतं. १,५०० वॉटचा अमेरिकन हेअर ड्रायर २३० वर साडेपाच हजार वॉट ओढू पाहतो. काही ड्रायरांना नाण्याने फिरवायची खाच असते, १२५ की २५०. ती फिरवायची राहिली, की तोच प्रकार.

‘कन्व्हर्टर’ म्हणून मुठीएवढा हलका डबा मिळतो, १,६०० वॉट असं लिहिलेला. तो दाब नीट घडवत नाही, विजेची लाट कापून सरासरी कमी करतो. इस्त्रीला चालून जातं. चार्जरला, मोटरला, नेब्युलायझरला तो कधीच लावू नये. आणि हर्ट्झ तर ट्रान्सफॉर्मरनेही बदलत नाही. मिक्सर, ड्रिल यांच्या ब्रशवाल्या मोटरला त्याचं काही वाटत नाही. टेबलफॅनची मोटर ६० हर्ट्झवर वीस टक्क्यांपर्यंत जोरात पळू पाहते, आणि ६० साठी बनवलेली मोटर ५० वर तापते.

अर्थिंगकडे वळतो. युरोपात लॅपटॉप टू-पिनच्या अ‍ॅडॅप्टरवर लावला की धातूच्या कडेवरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं. चार्जर बिघडलेला नसतो. आतला गोंगाट गाळण्यासाठी त्यात छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून गळणारा एक मिलिॲम्पियरहूनही कमी करंट एरवी अर्थिंगमधून निघून जातो. तिसरी पिन तोडली की त्याला आपला हात सापडतो. इलाज स्वस्त आहे, पण सहसा कुणी सुचवत नाही. लॅपटॉपच्या विटेला भिंतीकडची केबल बहुधा सुटी असते: तीन पाकळ्यांचं तोंड, किंवा जुन्या जाड विटेला कॉम्प्युटरसारखं रुंद तोंड. त्या देशात उतरल्यावर तिथल्या पिनेची तेवढीच केबल विकत घ्यायची. अ‍ॅडॅप्टर लागत नाही, अर्थिंग मिळतं, वजनही वाढत नाही. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण आहे त्याला अर्थिंग लागतच नाही. इस्त्री, किटली अशा धातूच्या अंगाच्या वस्तूंवर ती क्वचितच दिसते.

बोटीवर जाणाऱ्यांचं गणित निराळं. गोव्यात घरोघरी एखादा शिपी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो, आणि त्याच्या बॅगेत हमखास एक एक्स्टेन्शन बोर्ड. क्रूझ जहाजांच्या केबिनमध्ये बहुधा अमेरिकन ११० आणि युरोपियन २२० ही दोन्ही सॉकेटं शेजारी असतात, म्हणून आपला बोर्ड एका अ‍ॅडॅप्टरवर लावला की काम होईल असं वाटतं. सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे दाबाची अचानक उसळी अडवणारा, बोर्ड मात्र जहाजावर चालत नाही, आणि तपासणीत तो काढून घेतात तो छळ म्हणून नव्हे. जमिनीवर न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला असतो. पुष्कळ जहाजांवर दोन्ही तारा जिवंत असतात, एकही लोखंडी सांगाड्याला बांधलेली नसते. बोर्डातलं सर्जचं बटण एकच तार तोडतं, दुसरी चालूच राहते. कुठे दुसरीकडे तार सांगाड्याला टेकली, तर बोर्डातल्या सर्जच्या तुकड्यावर नको तेवढा दाब येऊन तो तापतो, पेटतोही. अमेरिकी कोस्ट गार्डने २०१३ मध्ये याबद्दल इशारा काढला होता. म्हणून बोटीवर न्यायचा तो वायर नसलेला, तीन-चार यूएसबी भोकांचा ६५ वॉटचा चार्जर. किटली आणि इस्त्री घरीच. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० मिलिॲम्पियर-तासांची म्हणजे ७४ वॉट-तास, तेव्हा ती बसते.

जमिनीवर मात्र साधा, सर्ज नसलेला भारतीय बोर्ड आणि एकच चांगला अ‍ॅडॅप्टर ही जोडी उत्तम. चार जणांच्या कुटुंबाला चार ठोकळे लागत नाहीत. फक्त त्या बोर्डावर चार्जरच लावायचे.

उलटी वाहतूकही गोव्यात कमी नाही. मोरजी-हरमलला उतरणारा रशियन पाहुणा त्याचा गोल युरोपियन प्लग आपल्या तीन भोकांपैकी खालच्या दोनांत दाबतो. पडदे नसले तर तो बसतो, पण त्याची अर्थिंगची पट्टी प्लगच्या कडेला असते, आणि आपल्या सॉकेटच्या कडेला काहीच नसतं. बारीक टू-पिन तर डगडगतेच. ढिल्या सांध्यात ०.२ ओहम एवढा जरी अडथळा असला, तरी ६ ॲम्पियर वाहताना तिथे सात वॉट उष्णता साठते, नखाएवढ्या जागेत. त्यात आपली खारी हवा. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीतल्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो आणि अडथळा वाढतो. सीझनच्या आधी मेन स्विच बंद करून सॉकेटचे स्क्रू आवळावेत, अ‍ॅडॅप्टरच्या पिना बारीक पॉलिशपेपरने पुसाव्यात, काळं पडलेलं सॉकेट सरळ बदलावं. भिंतीत ‘सगळे प्लग बसतात’ छापाचं सॉकेट घालण्यापेक्षा खोलीत युरोपियन नि इंग्रजी, असे अर्थिंगवाले दोन अ‍ॅडॅप्टर ठेवणं मला बरं वाटतं. ‘सगळे प्लग’वाल्या सॉकेटच्या मोठ्या भोकांत कुठलीच पिन घट्ट बसत नाही.

आखातातून आणलेल्या इस्त्रीला, किटलीला अ‍ॅडॅप्टर कायमचा चिकटवून ठेवायची पद्धत आहे. दाब जुळतोच, तेव्हा प्लग बदलून टाकावा. चौकोनी प्लग कापला की आत तीन तारा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. इथला प्लगटॉप घ्यावा, हजार वॉटच्या वरच्या वस्तूला १६ ॲम्पियरचा जाड. आत पिनांशेजारी इंग्रजी ‘एल’, ‘एन’, ‘ई’ कोरलेले असतात. तारांची टोकं पिळून दुमडावीत, स्क्रूखाली एकही सुटा केस बाहेर राहू नये. हिरवी-पिवळी तार बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवून आत वळसा घालून बसवावी. कुणी वायरीला हिसका दिलाच, तर फेज आधी सुटते आणि अर्थिंग शेवटपर्यंत धरून राहतं. मग वायरीच्या जाड आवरणावरची पकडपट्टी दोन्ही स्क्रूंनी आवळायची.